परळ आणि रत्नागिरी

रत्नागिरीच्या जिल्हा शासकीय रुग्णालयास जोडून २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यासाठी शंभर विद्यार्थ्यांची प्रवेशक्षमता मंजूर झाली, आणि ज्या वास्तूस गावाने पिढ्यान्‌पिढ्या नुसते ‘सिव्हिल’ म्हटले तिच्या कारभारात अधिष्ठाता, प्राध्यापक, विभागप्रमुख असे नवे शब्द ऐकू येऊ लागले. या जिल्ह्याच्या इतिहासात ही गोष्ट लहान नव्हे. तिच्याविषयी गावात जे बोलले जाते त्यातले पुष्कळसे एक तर कौतुकाचे असते किंवा कुरकुरीचे. परंतु आमच्या आळीतील दोन वडीलधाऱ्या व्यक्तींमध्ये या विषयावर जो वाद चालत आला आहे तो या दोहोंहून निराळा, माहितीचा आणि कळकळीचा असल्यामुळे, शक्य तितका त्यांच्याच शब्दांत वाचकांपुढे ठेवावा असे मला वाटले.

अप्पा जिल्हा कचेरीत कारकुनापासून चढत चढत शिरस्तेदार झाले आणि तेथूनच निवृत्त झाले. हुकूम, ठराव, मंजुऱ्या आणि तरतुदी यांची भाषा त्यांच्या हाडीमाशी भिनलेली आहे. एखादी योजना कागदावर कशी दिसते आणि मंडणगड-लांज्यापर्यंत पोचताना तिचे काय उरते, हे त्यांनी उभ्या नोकरीत पाहिले. ताई परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाल्या, वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर म्हणून सेवानिवृत्त झाल्या, आणि मुंबईची खोली मुलाच्या स्वाधीन करून रत्नागिरीस राहावयास आल्या. ऐकणाऱ्याची अपेक्षा अशी की, केईएमचा कैवार ताईंनी घ्यावा आणि रत्नागिरीची बाजू अप्पांनी मांडावी. प्रत्यक्षात होते ते उलट, आणि या वादाचे महत्त्व मला त्यातच दिसते. कारण दोघेही आपल्या आयुष्याने जे जवळून पाहिले, त्याच्या अपुरेपणाची जाणीव ठेवून बोलतात.

“मोठे रुग्णालय हुकमाने होत नाही, ताई,” अप्पांनी आरंभ केला. “१८२६ साली कंपनी सरकारने मुंबईत देशी लोकांसाठी वैद्यकशाळा काढली. डॉक्टर मॅक्लेनन यांच्यासारखा कळकळीचा गृहस्थ तिला लाभला, देशी भाषांतून वैद्यक शिकवण्याचा उपक्रम झाला, आणि १८३२ साली ती बरखास्त झाली. सरकारने काढली, सरकारने मोडली. मध्ये लोकांचा हात नव्हता. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यकीय महाविद्यालयाचा विचार उचलून धरला. ते १८३८ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या स्मारकासाठी लोकांनी वर्गणी जमवली. जमशेटजी जिजीभाईंनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले, तितकीच रक्कम कंपनीने घातली. १८४३ च्या जानेवारीत कोनशिला बसली आणि १८४५ साली जे. जे. रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेज एकमेकांचा आधार घेऊनच उभी राहिली. विद्यार्थ्यास शिकावयास रुग्ण पाहिजे आणि रुग्णास बरे करावयास विद्यावंत पाहिजे, हे त्या लोकांना आरंभीच उमगले होते. म्हणून १८५१ च्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग निपजले. त्यातले एक पुढे प्राच्यविद्येचे पंडित म्हणून गाजले, दुसऱ्यांच्या घरी १८६७ साली प्रार्थनासमाजाची स्थापना झाली. आणि त्या कॉलेजास पन्नास वर्षे झाली तेव्हा कोठे, १८९६ च्या प्लेगात, हाफकिन यांना काम करावयास तेथे जागा मिळाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली.”

ताई शांतपणे ऐकत होत्या. अप्पांचे बोलणे मध्येच तोडण्याची त्यांची पद्धत नाही. वॉर्डात वरिष्ठांची फेरी चालू असताना जसे उभे राहावे, तसे त्या ऐकतात.

“तुमच्या केईएमचेच उदाहरण घ्या,” अप्पा पुढे म्हणाले. “ग्रँट कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा सरकारी गोऱ्या डॉक्टरांच्या हाती; विद्वान देशी डॉक्टरांना तेथे मानाने शिकवता येत नव्हते. म्हणून शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली की, नव्या महाविद्यालयातील सर्व अध्यापक हिंदी असले पाहिजेत. महापालिकेने रुग्णालय बांधले, विश्वस्तांच्या पैशातून महाविद्यालय झाले, १९२६ साली दोन्ही सुरू झाली, आणि जीवराज मेहतांसारखा अधिष्ठाता मिळाला. त्या अटीमागे स्वाभिमान होता, हट्ट होता. म्हणूनच पुढे १९६८ च्या १६ फेब्रुवारीस, बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत पहिले हृदयारोपण केल्यास तीन महिनेही झाले नव्हते तोच, डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांनी परळमध्ये ते धाडस केले. रुग्ण काही तासांतच दगावला, पण ते धाडस करण्याइतकी विद्या आणि माणसे तेथे जमलेली होती. १९८६ च्या ६ ऑगस्टला इंदिरा हिंदुजा यांच्या हातून परीक्षानलिकेतून गर्भधारणा झालेले बालक तेथेच जन्मले. अशी वास्तू शंभर वर्षांत घडते. आमच्या रत्नागिरीस कोणाची देणगी, कोणाची अट, कोणाचा हट्ट? मंत्रिमंडळाचा ठराव झाला आणि सिव्हिलची पाटी बदलली. त्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रे धड करा, १०८ च्या गाड्या वाढवा, आणि अवघड दुखण्याला जेथे शंभर वर्षांची विद्या आहे तेथे माणूस रवाना करा. १९९८ पासून कोकण रेल्वे आहे. रात्री बसले की सकाळी दादर.”

ताईंनी उत्तराला सुरुवात केली ती एका प्रश्नाने. “अप्पा, त्या शंभर वर्षांत तेथल्या खाटांवर कोण निजले होते?”

आणि मग त्या बोलू लागल्या. परळ, लालबाग, शिवडी, काळाचौकी हा सारा गिरणगाव. त्याच्या मधोमध केईएम. गिरण्यांत कोकणी माणूस, त्यातही आमच्या जिल्ह्यातला, फार मोठ्या संख्येने. गावकीच्या खोल्या असत. गावातल्या कित्येक पुरुषांच्या ट्रंका एकेका खोलीत ओळीने लावलेल्या, पाळीप्रमाणे निजायचे, खानावळीत जेवायचे. गावाहून कोणी आजारी आणला की त्याच खोलीत उतरवायचा आणि सकाळी रांगेत उभे राहून केईएमचा केसपेपर काढायचा. कापसाचे तूस वर्षानुवर्षे छातीत जाऊन गिरणी कामगाराला जी धाप लागते, सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी जी छाती आवळते, त्या बिसिनोसिस नावाच्या रोगाचा अभ्यास केईएमच्या डॉक्टरांनी केला तो याच लोकांच्या छाती तपासून. “म्हणजे असे बघा,” ताई म्हणाल्या, “जे. जे. मोठे झाले ते प्लेगच्या वेळी मुंबईवर आलेले संकट आपलेसे केले म्हणून. केईएम मोठे झाले ते गिरणी कामगाराचा खोकला अभ्यासाचा विषय मानला म्हणून. देणगीने इमारत उभी राहते. विद्या उभी राहते ती शेजारच्या दुखण्यावर. आणि परळमध्ये ते शेजारचे दुखणे बरेचसे रत्नागिरीचेच होते. आमच्या माणसांच्या अंगावर शिकून जी विद्या झाली, ती त्यांच्या जिल्ह्यात येऊ नये असे कोणत्या न्यायाने म्हणता?”

या प्रश्नावर अप्पा काही वेळ बोलले नाहीत. मलाही तो प्रश्न या साऱ्या वादाच्या मुळाशी जाणारा वाटतो. सार्वजनिक रुग्णालयाचा इतिहास लिहिताना आपण दाते, अधिष्ठाते आणि नामांकित शल्यविशारद यांची नावे लिहितो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या देहावर ती विद्या सिद्ध झाली त्यांची गावे कोणत्याही कोनशिलेवर नसतात.

ताईंचे पुढचे बोलणे हिशेबाचे होते. “रात्री बसले की सकाळी दादर, हे धडधाकट माणसाचे वेळापत्रक आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर ती विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हातखंब्यावरून मुंबई तीनशे किलोमीटरांहून अधिक. आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचे तरी काही तास जातात, आणि पावसाळ्यात घाट बंद असला तर तेही नाही. मुंबईच्या वॉर्डात आमच्या तालुक्यातला रुग्ण पोचायचा तेव्हा ‘आधी का आणला नाहीत’ असे निवासी डॉक्टर नातेवाइकांवर ओरडायचे. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. संगमेश्वर नकाशात कोठे आहे हे त्यांना ठाऊक नसायचे. मला ठाऊक होते.”

“मग विंचवाचे घ्या, फुरशाचे घ्या,” असे म्हणून त्यांनी जो विषय काढला तो कोकणातल्या कोणत्याही माणसास परका नाही. फुरसे हा लहानसा साप या जिल्ह्यात इतका की, एकोणिसाव्या शतकात सरकारने साप मारून आणणाऱ्यास बक्षीस लावले होते. त्याच्या विषाने रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते. त्याची परीक्षा करायला मोठे यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे आणि वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. नंतर नळी तिरपी केली असता रक्त वाहिले, म्हणजे गोठले नाही, तर विषप्रतिबंधक लस चालू करायची. “ही परीक्षा हाताखालच्या मुलाने शंभरदा केली म्हणजे त्याला ती येते. परळमध्ये तो हात कधी बसायचा? आमच्या वॉर्डात फुरशाचा रुग्ण यायचा तो मूत्रपिंडे निकामी झाल्यावर.”

येथे अप्पांनी आपल्या दप्तरी स्मरणशक्तीचा उपयोग केला. लस म्हणाल तर परळमध्येच हाफकिन संस्था, घोड्याच्या रक्तद्रवापासून ती तयार होते, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकच लस चालते, आणि ती आपल्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचवली म्हणजे काम झाले. त्याला वैद्यकीय महाविद्यालयाचा खटाटोप कशाला, असे त्यांनी विचारले. ताईंचे उत्तर ऐकण्यासारखे होते. देशातल्या बहुतेक लशींसाठी लागणारे विष तामिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सहकारी संस्थेकडून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशाने बदलते, हे आता संशोधकांनी दाखवून दिले आहे. तामिळनाडूच्या फुरशावर तयार झालेली लस रत्नागिरीच्या जांभ्यावरल्या फुरशाला कितपत लागू पडते, किती कुप्या पुरतात, कोणाला का पुरत नाहीत, हे जेथे दंश होतो तेथेच मोजावे लागेल. ते मोजण्याची शिस्त असलेली माणसे जेथे कायम राहतात, त्या जागेलाच महाविद्यालय म्हणायचे.

“ती शिस्त महाविद्यालयावाचूनही असू शकते,” अप्पा म्हणाले, आणि त्यांनी ताईंना निरुत्तर करील असे उदाहरण पुढे केले. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास रुजू झाले. लाल विंचू चावलेली तरणीताठी माणसे रात्रीतून फुप्फुसात पाणी होऊन मरत, आणि तोवरच्या पुस्तकांत त्यावर सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडलेले हातपाय यांच्या नोंदी केल्या. विंचवाच्या विषाने शरीरात काय होते याचा उलगडा केला. आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यावर गुणकारी ठरते हे दाखवले. त्यांचे लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि पूर्वी जेथे शंभरातले तीस-चाळीस दगावत तेथे आता एखादाच दगावतो. “यात कोणते महाविद्यालय होते? एक आरोग्य केंद्र, एक डॉक्टर आणि एक नोंदवही. मी म्हणतो तेच झाले ना?”

ताईंनी हे उदाहरण नाकारले नाही. उलट त्यांनी बावस्करांविषयी अतिशय आदराने सांगितले की, केईएममध्ये विंचवाचा रुग्ण आला की त्यांचेच नाव निघे. “पण अप्पा, ते एकटे होते. एका माणसाने आपले घरदार, झोप, उमेद त्यात घातली, तेव्हा ते झाले. प्रत्येक तालुक्याने एकेका बावस्करांची वाट पाहायची काय? त्यांनी एकट्याने केले ते चार प्राध्यापकांनी आणि शंभर मुलांनी रोजचे काम म्हणून करावे, यासाठीच हे महाविद्यालय पाहिजे. दापोलीस १९७२ साली कृषी विद्यापीठ झाले तेव्हाही, पुण्या-राहुरीची विद्या पुरेशी आहे, कोकणाला वेगळे कशाला, असे म्हणणारे असतीलच. पण भाताची ‘रत्नागिरी’ नावाची वाणे शिरगावच्या केंद्रात निघाली, वेंगुर्ल्यास हापूस आणि नीलमच्या संकरातून ‘रत्ना’ निघाला. ते काम राहुरीच्या काळ्या जमिनीत झाले नसते. भातासाठी जे आपण मान्य केले ते भात लावणाऱ्या बाईसाठी मान्य करायला इतका वेळ का?”

भात लावणाऱ्या बाईचा उल्लेख ताईंनी अलंकार म्हणून केला नव्हता. आषाढ-श्रावणात गुडघाभर चिखलात अनवाणी उभे राहून लावणी करणाऱ्या माणसास, त्या पाण्यात उंदराचे मूत्र मिसळलेले असल्यास, पायाच्या बारीकशा भेगेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात; प्रथम ताप आणि पोटऱ्यांचे दुखणे, मग कावीळ, मग मूत्रपिंडे आणि फुप्फुसे. आरंभीच ओळखले तर साध्या प्रतिजैविकाने माणूस वाचतो, चार दिवस दवडले तर वाचणे कठीण. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्गाच्या बाजूस काही वर्षांपासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या झाडांवरून पडून कण्याला इजा झालेले गडी, कलमांवर औषधे फवारताना विषबाधा झालेले मजूर, मुंबई-गोवा महामार्गावरचे अपघात, आणि मिरकरवाड्याच्या बंदरात पागाच्या दोरांत बोटे गमावलेले खलाशी. या जिल्ह्याची दुखणी या जिल्ह्याच्या ऋतूंशी आणि धंद्यांशी बांधलेली आहेत, आणि पाठ्यपुस्तकात ती कोठेतरी शेवटच्या परिच्छेदात असतात. १८८६ पासून येथे मनोरुग्णालय आहे, महाराष्ट्रातील अशा चार प्रादेशिक रुग्णालयांतले एक. मानसोपचाराचे अध्यापन करू पाहणाऱ्या महाविद्यालयास याहून मोठी अनुकूलता कोणती असणार, हे ताईंप्रमाणेच मलाही उघड दिसते.

परंतु अप्पांच्या आक्षेपांचे खरे बळ इतिहासात नसून कारभारात आहे, आणि ते त्यांनी आता बाहेर काढले. सिव्हिल रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचे. वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे. दोन खाती, दोन सचिव, दोन अंदाजपत्रके. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या सर्व रुग्णालयांत उपचार मोफत करण्याचा हुकूम निघाला. वैद्यकीय शिक्षण खात्याच्या रुग्णालयांस तो लागू नव्हता. “म्हणजे ज्या वर्षी गरिबाचा केसपेपर फुकट झाला, त्याच वर्षी त्याचे सिव्हिल दुसऱ्या खात्याकडे जाण्याच्या वाटेस लागले. दहा-वीस रुपयांचा प्रश्न नाही, ताई. कोणत्या खिडकीवर कोणता हुकूम चालतो हे ज्याला कळत नाही त्याचा प्रश्न आहे. शंभर विद्यार्थ्यांमागे चारशेंवर खाटा पाहिजेत, असा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा दंडक. खाटा मांडता येतात. माणसे? आयोगाची तपासणी आली की एका महाविद्यालयातले अध्यापक दुसऱ्याकडे तात्पुरत्या बदलीवर पाठवायचे, ही रीत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. जो प्राध्यापक तपासणीपुरता येतो तो फुरशाच्या दहा वर्षांच्या नोंदी ठेवणार? तुमच्या केईएममध्ये माणूस विद्यार्थी म्हणून शिरला तो प्राध्यापक होऊन निवृत्त झाला. डॉक्टर रवी बापटांनी आपल्या आठवणींचे नाव ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ असे ठेवले. एका वॉर्डाच्या नावाने आयुष्य सांगता येते, कारण आयुष्य तेथे गेले. आमच्याकडे बदलीच्या हुकमावर आलेला डॉक्टर सामान उतरवण्याआधी परतीचा अर्ज लिहितो. मी ते अर्ज हाताळले आहेत.”

याला ताईंपाशी तयार उत्तर नव्हते, आणि त्यांनी तसे भासवलेही नाही. आक्षेप खरा आहे, त्या म्हणाल्या. राहायला बरी घरे, मुलांना शाळा, आणि बढतीसाठी मुंबईस जावे लागू नये अशी व्यवस्था, एवढे झाल्यावाचून कोणी राहणार नाही, आणि राहावे अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे. मग त्यांनी वेगळ्याच बाजूने विषय धरला.

“तुम्ही केईएमचे मोठेपण सांगताना हृदयारोपण सांगितले, नळीतले बाळ सांगितले. मला विचाराल तर मी दुसरे सांगेन. आमच्या एका सहकारी परिचारिकेवर १९७३ साली रुग्णालयाच्या आवारातच अमानुष हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणास खिळली. तिचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१५ साली तिचे निधन होईपर्यंत, एकेचाळीस वर्षांच्यावर, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला न्हाऊमाखू घातले, भरवले, कुशीवर वळवले, आणि तिच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही. तिला पाहिलेल्या मुली निवृत्त झाल्या, कधी न पाहिलेल्या मुली कामावर आल्या, आणि ते काम चालू राहिले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या प्रकरणात निकाल देताना त्या परिचारिकांचा गौरव केला. हे कोणत्या देणगीने झाले? कोणत्या हुकमाने? नव्या मुलीला जुनी मुलगी हाताने दाखवते, असे जेथे चालते तेथे हे होते. आणि हे रत्नागिरीस होऊ शकत नाही, असे मी मान्य करणार नाही. कारण त्या वॉर्डांतून काम करणाऱ्या आम्ही पुष्कळजणी याच मातीतल्या होतो.”

अप्पांचा आवाज यानंतर खाली आला, पण मत बदलले असे नव्हे. त्यांनी जनगणनेची आठवण काढली. २००१ मध्ये या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती, २०११ मध्ये १६ लाख १५ हजार. दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी घटली. हजार पुरुषांमागे अकराशेंहून अधिक स्त्रिया, कारण पुरुष मुंबईस. वाड्यांवाड्यांतून कुलूपबंद घरे, आणि उघड्या घरात एखादी म्हातारी. “ज्या जिल्ह्यातून माणसेच जात आहेत तेथे डॉक्टर राहतील?” असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यात आक्षेपापेक्षा खंत अधिक होती.

“ज्या म्हाताऱ्या राहिल्या आहेत त्यांच्यासाठी राहावे लागेल,” ताई म्हणाल्या. आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात एक तरतूद आहे की, प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून खेड्यातली तीन ते पाच कुटुंबे दत्तक घ्यावी आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या आरोग्याची विचारपूस ठेवावी. ताईंना या तरतुदीचे फार अप्रूप आहे. शंभर मुले, प्रत्येकी पाच घरे, म्हणजे दरसाल पाचशे घरे. त्यांचे म्हणणे एवढेच की ही घरे शहराला लागून असलेल्या शिरगाव-मिरजोळ्यातली सोयीची निवडू नयेत, एसटी जेथे दिवसातून एकदा जाते तेथली निवडावी. एकोणीस वर्षांचा मुलगा महिन्याच्या महिन्याला एकाच म्हातारीचा रक्तदाब मोजील, तिच्या गोळ्या कोणत्या संपल्या ते पाहील, तर तिला तो ओळखू लागेल. आणि ज्याला एखाद्या गावाने ओळखले तो ते गाव सोडताना एकदा तरी विचार करील. अप्पांना हे फार आशावादी वाटले. सरकारी महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यास एक वर्षाची सक्तीची सेवा असते, ती टाळण्यासाठी दहा लाख भरणारेही निघत असत, तेथे पाच कुटुंबांची माया किती पुरणार, असे त्यांनी विचारले. मला स्वतःला या एका मुद्द्यावर ताईंची बाजू घ्यावीशी वाटते. माया पुरेल म्हणून नव्हे, तर नुसत्या दंडाने जो राहत नाही त्याला राहण्याचे दुसरे काही कारण द्यावे लागते म्हणून.

शेवटी अप्पांनी आपली अट सांगितली, आणि ती त्यांच्या आयुष्याला शोभणारी होती. या महाविद्यालयाने दुसरे काही न करता फक्त सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची एकाच नमुन्यात दहा वर्षे नोंद ठेवली, एक पान न गाळता, अधिष्ठाता बदलला तरी नमुना न बदलता, तर आपला अर्धा आक्षेप आपण मागे घेऊ, असे ते म्हणाले.

“मग नमुना तुम्हीच करून द्या,” ताई म्हणाल्या. “आयुष्यभर दुसरे काय केलेत?”

अप्पांनी कागद घेतला. गाव, तालुका, वय, धंदा, दंशाची वेळ, जागा आणि त्या वेळी चाललेले काम, साप पाहिला किंवा नाही, आरोग्य केंद्रात पोचल्याची वेळ, वाहन कोणाचे, वीस मिनिटांच्या परीक्षेत रक्त गोठले किंवा नाही, लशीच्या कुप्या किती आणि कोठे दिल्या, लघवीचे प्रमाण, घरी पाठवल्याची तारीख किंवा मृत्यूची. रकाने आखून झाले तेव्हा ताईंनी आणखी एक सुचवला : घरी सोबत कोण आहे. वैद्यकीय नोंदीत असा रकाना नसतो, आयोगाच्या नमुन्यात नाही, आरोग्य खात्याच्याही नाही, अशी अप्पांनी हरकत घेतली. रुग्णाला चौथ्या दिवशी पुन्हा रक्त तपासायला कोण आणणार, हे ज्या कागदावरून कळत नाही तो कागद मुंबईचा, असे ताईंचे म्हणणे पडले. बराच वेळ यावर बोलणे झाले. अप्पांनी तो रकाना लिहिला, पण पेन्सिलीने.